जुनी नोंद आणि नवे नाव

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा, तळोदा, अक्राणी या भागातल्या वनहक्क दाव्यांच्या फायली चाळताना एक पान वारंवार भेटते. २००६च्या वनहक्क कायद्याखालच्या नियमांनी पुरावा म्हणून जे कागद मान्य केले आहेत त्यांत जनगणनेचे अहवाल, मोजणीचे आणि जमाबंदीचे कागद यांच्या बरोबरीने गॅझेटिअरही आहे; म्हणून १८८० साली छापलेल्या खानदेश गॅझेटिअरमधल्या पानांची झेरॉक्स अर्जाला जोडलेली असते. त्या पानांवर इंग्रज अधिकाऱ्यांनी भिल्लांच्या स्वभावावर, कष्टाळूपणावर आणि प्रामाणिकपणावर दोन-चार ओळींत निकाल देऊन टाकलेला आहे. आज कुणी तसे छापले तर त्याच्यावर गुन्हा दाखल होईल आणि तो व्हायलाच हवा. पण तेच पान, ज्यांना त्यात हिणवले त्यांच्या पणतवंडांच्या बाजूने साक्ष देते, कारण ही माणसे या डोंगरांत तेव्हाही होती असे ते पान सांगते.

नावे बदलण्याविषयी मला जे म्हणायचे आहे ते या पानापासून सुरू होते. बोलण्यातली, पाट्यांवरची, पाठ्यपुस्तकांतली नावे ज्यांची आहेत त्यांच्या मर्जीने बदलावीत आणि त्यासाठी वीस वर्षे थांबू नये. जुन्या कागदातला शब्द मात्र, तो कितीही बोचरा असला तरी, खोडू नये. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे अनेकांना वाटते. खानदेशात दाखले, उतारे आणि पडताळणी यांत थोडा काळ घालवलेल्या माणसाला तसे वाटत नाही.

नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला आणि २०११च्या जनगणनेनुसार त्यात सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. म्हणजे इथे आदिवासी ही गावाबाहेरची वस्ती नाही, तर बहुसंख्य जनताच आहे. तरीही या बहुसंख्य जनतेला काय म्हणायचे हे ठरवण्याचे काम कलकत्त्याने केले, मग दिल्लीने आणि मुंबईने केले, आणि स्थानिक पातळीवर ते काम आमच्यासारख्या अहिराणी, गुजरी आणि मराठी बोलणाऱ्या, दुकान, शाळा आणि कचेरी ज्यांच्या हातात होती अशा लोकांनी परस्पर उरकले.

जनगणनेचे मथळे एका ओळीत मांडून पाहिले म्हणजे हे परस्पर उरकणे किती सहज होते ते कळते. १८९१ साली या लोकांना वन्य जमाती म्हटले गेले. १९०१ आणि १९११ मध्ये त्यांची गणना धर्माच्या अंगाने, निसर्गातल्या वस्तूंत जीव मानणारे, अशी झाली. १९२१ मध्ये ते डोंगरी आणि वन्य जमाती झाले, १९३१ मध्ये आदिम जमाती, १९३५च्या कायद्यात मागास जमाती, १९४१ मध्ये नुसत्या जमाती आणि १९५० मध्ये अनुसूचित जमाती. अक्राणीच्या डोंगरातला पावरा जमातीतला एखादा शेतकरी या साठ वर्षांत आपल्या शेताच्या बांधावरून हललाही नसेल. त्याचे नाव मात्र दर दहा वर्षांनी त्याला न विचारता बदलत गेले. यांतले प्रत्येक नाव त्या वेळच्या सरकारी चौकशीचे उत्तर होते. जंगल कुणाच्या ताब्यात घ्यायचे हा प्रश्न असला की माणसे वन्य ठरत, आणि कुणाला कोणत्या धर्मात धरायचे हा प्रश्न असला की ती जीवपूजक ठरत. या दुसऱ्या मथळ्याने एक गंमत केली. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारे तडवी भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या इस्लाम मानणारे आहेत. धर्मावरून जमात ओळखायची म्हटली की ते चाळणीतून खाली पडतात. आजच्या यादीत धर्माची अट नाही, म्हणून ते अनुसूचित जमातीत आहेत.

पुढे याच प्रश्नावर विद्वानांचे वाद झाले. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी या समाजांना मागासलेले हिंदू म्हणावे असे मांडले, तर मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी त्यांच्या वेगळेपणाला जपण्याची बाजू घेतली. १९५२ साली जशपूरला स्थापन झालेल्या संस्थेने आपल्या नावात वनवासी हा शब्द घेतला आणि तेव्हापासून आदिवासी की वनवासी हा वाद निवडणुकीच्या सभांपर्यंत येऊन पोहोचला आहे. त्यात मी इथे फार शिरत नाही. नंदुरबारच्या ९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक आदिवासी दिनाच्या, मिरवणुकीत चालणाऱ्या तरुणांना वनवासी म्हणून पाहावे. उत्तर तिथल्या तिथे मिळेल.

त्या वादापेक्षा मला आमच्या शेजारच्या दक्षिण गुजरातची गोष्ट अधिक बोलकी वाटते. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, आणि जो समाज स्थानकाच्या अलीकडे गावीत म्हणून ओळखला जातो तोच पलीकडे गामीत म्हणून. त्या पट्ट्यातल्या सगळ्या आदिवासींना सावकार आणि जमीनदार मंडळी ‘काळीपरज’, म्हणजे काळी प्रजा, म्हणत आणि स्वतःला ‘उजळीपरज’ म्हणवून घेत. १९२०च्या दशकात गांधीजींच्या प्रभावाखालच्या परिषदांमधून हे नाव टाकून ‘रानीपरज’ हे नाव पुढे आले. हेतू निर्मळ होता आणि ‘काळी’ हा डाग जाणे आवश्यकच होते. तरी पाहा, नव्या नावात रान आले. शेती करणाऱ्या, भात आणि ज्वारी पिकवणाऱ्या, गावात घर असणाऱ्या चौधरी, धोडिया, गामीत लोकांना रंगावरून काढून रानात नेऊन बसवले गेले.

नेमकी हीच हरकत पुढे संविधानसभेत जयपालसिंह मुंडा यांनी घेतली. १९३८च्या आदिवासी महासभेचे हे नेते, हॉकीचे नावाजलेले खेळाडू. डिसेंबर १९४६ मध्ये त्यांनी सभागृहात उभे राहून आपण जंगली आहोत आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे असे सांगितले. पण १९४९ मध्ये हिंदी मसुद्यात आदिवासी शब्दाऐवजी ‘बनजाति’ वापरलेला दिसला तेव्हा ते बिथरले. आमचे बहुतेक लोक जंगलात राहत नाहीत आणि हा जुना अपमानकारक शब्द आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता यात विसंगती दिसते, पण ती नाही. जंगली हा शब्द स्वतः उचलून समोरच्याच्या तोंडावर ठेवणे वेगळे आणि तोच अर्थ सरकारी मसुद्यात कुणीतरी आपल्या माथी मारणे वेगळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची भूमिकाही इथे समजून घेण्यासारखी आहे. आदिवासी हा सर्वसाधारण शब्द आहे, त्याला निश्चित कायदेशीर अर्थ नाही; अनुसूचित जमात म्हटले की यादी येते, आणि यादी आली की कोण आत आणि कोण बाहेर हे ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. हक्क द्यायचा तर तो कुणाला हे कायद्याला नेमके सांगावेच लागते. दोघेही बरोबर होते असे मला वाटते. म्हणूनच आज आपल्याकडे खात्याचे नाव आदिवासी विकास विभाग आहे आणि त्याच खात्याच्या योजनेसाठी लागणाऱ्या दाखल्यावर अनुसूचित जमात असे छापलेले असते.

त्या यादीकडे आता जरा जवळून पाहू, कारण खानदेशातली खरी गुंतागुंत तिथे आहे. महाराष्ट्राच्या यादीतल्या भिल्ल या नोंदीत भिल्ल गरासिया, ढोली भिल्ल, डुंगरी भिल्ल, मेवासी भिल्ल, रावळ भिल्ल, तडवी भिल्ल, भिलाला, पावरा, वसावा आणि वसावे अशी नावे एकत्र आहेत. दुसऱ्या एका नोंदीत धनका, तडवी, तेतारिया, वळवी आहेत. तिसऱ्या नोंदीत गामीत, गामटा, गावीत, मावची, पाडवी आहेत. अक्कलकुवा किंवा तळोदा तालुक्यातल्या कोणत्याही वर्गाचा हजेरीपट उघडा. वसावे, वळवी, पाडवी, तडवी ही आडनावे एकाखाली एक दिसतील, त्यांचे आपापसांत सोयरसंबंध असतील आणि घरी ते एकच बोली बोलत असतील. सरकारी यादीत मात्र त्यांची आडनावे जमाती होऊन तीन वेगवेगळ्या नोंदींत जाऊन बसली आहेत, आणि तडवी तर दोन ठिकाणी आहे. ज्याचे आडनाव वळवी आहे आणि ज्याच्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात भिल्ल लिहिले आहे, त्याने अर्जात जमातीच्या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न या भागात मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाला विद्यार्थ्यांनी कधी ना कधी विचारलेला आहे. व्याकरण शिकवणे त्यामानाने सोपे.

यादीतला ‘मेवासी’ हा शब्दही थांबून पाहण्यासारखा आहे. मेवासी म्हणजे दरबाराला न जुमानणारा, सारा न भरणारा, डोंगराचा आसरा घेऊन बसलेला. राज्यकर्त्यांनी दिलेली ही शिवी. पश्चिम खानदेशातल्या भिल्ल सरदारांच्या संस्थानांना पुढे इंग्रजांच्या कागदांत मेवासी संस्थाने हेच नाव मिळाले; त्यांतल्या काठीची राजवाडी होळी आजही सातपुड्यातली सर्वांत मोठी होळी मानली जाते. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे गेला, १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली, आणि १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली सातपुडा पेटला. एकाच समाजाला या कागदांत एका पानावर लुटारू, दुसऱ्यावर विश्वासू शिपाई आणि तिसऱ्यावर बंडखोर म्हटलेले आहे. आता बंडखोरीची ती खूण यादीत अधिकृत नाव होऊन राहिली आहे आणि त्या नावावर शिष्यवृत्ती मिळते. शब्द वाईट म्हणून तो यादीतून काढून टाका असे कुणी म्हटले, तर त्या कुटुंबांच्या हाती काय उरेल?

दाखल्याच्या पडताळणीत हे प्रश्न फार टोकदार होतात. अनुसूचित जमातीसाठी महाराष्ट्रात ६ सप्टेंबर १९५० ही तारीख मानली जाते, कारण राष्ट्रपतींनी जमातींची यादी त्या दिवशी जाहीर केली. त्या तारखेला कुटुंब कुठे राहत होते आणि त्याआधीच्या कागदांत त्याची नोंद कशी आहे, हे दाखवावे लागते. मग शोध सुरू होतो. पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना चौदामधली जन्म-मृत्यूची नोंद, जुने खरेदीखत. या कागदांवर जिल्हा पश्चिम खानदेश असतो, कारण धुळे हे जिल्ह्याचे नाव नंतरचे आहे. जातीच्या जागी कधी ‘भिल’, कधी ‘हिंदू भिल्ल’, कधी ‘कोकणा’ आणि त्याच्याच सख्ख्या भावासमोर ‘कोकणी’ असे कारकुनाच्या कानाला जसे वाटले तसे लिहिलेले असते. पडताळणी समित्या बरीच वर्षे आप्तभाव चाचणीवर, म्हणजे अर्जदाराला कुलदैवत, लग्नाच्या रीती, सणवार किती सांगता येतात यावर, मोठा भर देत होत्या. नाशिकला वाढलेल्या, वडिलांच्या नोकरीमुळे गाव क्वचितच पाहिलेल्या मुलीने त्यात कसे उत्तीर्ण व्हावे? मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी प्रत्येक दाव्यात निर्णायक कसोटी मानता येणार नाही असे स्पष्ट केले. संविधानापूर्वीच्या कागदांचे वजन त्यामुळे आणखी वाढले आहे. म्हणून मी म्हणतो की त्या कागदांतला शब्द आज ऐकवत नसला तरी तो जसाच्या तसा राहू द्यावा. डिजिटायझेशन करताना ‘भिल’ बदलून ‘आदिवासी’ असे सरसकट करणारा एखादा अतिउत्साही कर्मचारी निघाला, तर तो सद्भावनेने एका कुटुंबाचा पुरावा पुसून टाकील.

हा पेच आपल्यापुरता नाही. कॅनडात बोलण्यातून आणि शासकीय पाट्यांवरून ‘इंडियन’ हा शब्द जवळपास गेला आहे. तिथल्या खात्याच्या नावातून तो २०११ मध्ये निघाला. (कोलंबसाच्या चुकीमुळे आपले नाव त्या बिचाऱ्यांना पाचशे वर्षे वागवावे लागले, हे आपण भारतीयांनी तरी लक्षात ठेवावे.) पण १८७६चा इंडियन कायदा त्याच नावाने अजून चालू आहे, कारण करांपासून राखीव जमिनींपर्यंतचे हक्क त्या कायद्यातल्या व्याख्येला बांधलेले आहेत. तैवानमध्ये उलट घडले. तिथल्या समाजांनी चळवळ करून १९९४ मध्ये राज्यघटनेतच दुरुस्ती करून घेतली आणि ‘डोंगरातले देशबांधव’ या सरकारी नावाच्या जागी ‘मूळ रहिवासी’ हे आपण निवडलेले नाव आणले. त्याच १९९४ साली संयुक्त राष्ट्रांनी ९ ऑगस्ट हा जगभरच्या मूळनिवासींचा दिवस ठरवला. १९८२ मध्ये मूळनिवासींच्या प्रश्नावरच्या कार्यगटाची पहिली बैठक त्या तारखेला झाली होती. २००७ मध्ये मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर होताना भारताने बाजूने मत दिले, पण भारतातले सगळेच लोक मूळनिवासी आहेत ही आपली भूमिका सोडली नाही. अक्राणीतल्या धडगावात मात्र ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनाची मिरवणूक निघते, आणि तिच्यात चालणाऱ्यांपैकी कुणालाही आपण कोण हे दिल्लीकडून समजून घ्यायचे नसते.

इतके सगळे नामांविषयी झाले, पण मराठीत माणसाचा मान नामात कमी आणि क्रियापदात जास्त असतो, आणि हे शब्द बदलू पाहणाऱ्या मंडळींच्या सहसा ध्यानात येत नाही. खानदेशात वडीलधाऱ्या माणसाला आबा, बापू, नाना, अण्णा म्हटल्याशिवाय हाक मारत नाहीत. तरी सालदार म्हणून राबणाऱ्या साठीच्या भिल्ल माणसाला मालकाच्या शाळकरी नातवाने नुसत्या नावाने, ‘ये’, ‘जा’, ‘आण’ असे सांगितलेले मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आता तोच नातू भाषणात ‘आपले आदिवासी बांधव’ म्हणतो आणि घरी ‘तो आदिवासी आला का?’ असे विचारतो. बांधव अनेकवचनी झाले, माणूस एकवचनीच राहिला. गंमत म्हणजे सातपुड्यातली जुनी माणसे कलेक्टरशी मराठीत बोलतानाही त्यांना सहज ‘तू’ म्हणतात. त्यांच्या ‘तू’त बरोबरी असते आणि आमच्या ‘तू’त वरचढपणा.

ही गोष्ट तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुला महाराजांनी १९३८ मध्येच ओळखली होती. दारू सोडा, स्वच्छ राहा, आरतीला एकत्र या, या शिकवणीबरोबर त्यांनी अनुयायांना ‘आप’ हा आदराने हाक मारण्याचा शब्द दिला. ‘आप की जय’ हा त्यांच्या पंथाचा जयघोष आजही ऐकू येतो. कोणत्याही सरकारी मथळ्याची वाट न पाहता त्यांनी आपापसांतल्या संबोधनातच मान आणला. पुढे १९७०च्या दशकात शहाद्याला अंबरसिंग महाराजांच्या कामातून आणि १९७२ मध्ये उभ्या राहिलेल्या श्रमिक संघटनेतून सालदारकी, मजुरी आणि बळकावलेल्या जमिनी यांवर लढे झाले, आणि आदिवासी हा शब्द या भागात घोषणा म्हणून रुळला तो त्या लढ्यांमुळे. शब्द बाहेरून आला होता, पण मोर्च्यात तो लोकांनी स्वतः उच्चारला. माझ्या मते रानीपरज आणि आदिवासी या दोन नावांत फरक आहे तो इथे.

आम्ही अहिराणी बोलणारे मात्र या साऱ्याकडे त्रयस्थासारखे पाहतो, जणू नाव ठेवले जाणे आमच्या वाट्याला कधी आलेच नाही. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीचा १९०७ साली निघालेला खंड उघडला तर भिल्ल बोलींच्या बरोबर, त्याच पुठ्ठ्यात, खानदेशी, म्हणजे आमची अहिराणी, दिसते. ते शेजार आमच्यातल्या पुष्कळांना आवडत नाही, आणि का आवडत नाही हे उघड बोलले जात नाही. अहिराणीला कुणी गावंढळ मराठी म्हटले की आमच्या नाकाला मिरची झोंबते. देहवाली आणि पावरी या भिल्ल बोलींना मात्र आम्ही सरसकट ‘भिलोरी’ म्हणून मोकळे होतो.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. खानदेशात गावोगाव भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, आहे. बऱ्याच ठिकाणी तिथे आता एकलव्यनगर अशी पाटी दिसते. आमच्या भागातल्या एका गावात ग्रामसभेत यावर चांगली खडाजंगी झाली. तरुणांना पाटी हवी होती. काही म्हाताऱ्यांना भिलाटी हे नाव सोडायचे नव्हते, कारण भिल्ल म्हणवून घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नव्हता, वाटत होता तो समोरच्याच्या सुरात. एका महिलेने वेगळाच मुद्दा काढला. नमुना आठच्या घरपट्टी उताऱ्यावर ‘राहणार भिलाटी’ असे आहे, मुलीच्या पडताळणीला तोच उतारा उपयोगी पडला, आता धाकट्याच्या वेळी एकलव्यनगर असेल तर समितीला काय दाखवायचे? शेवटी पाटी नवी लावायची आणि उताऱ्यावर जुने नाव कंसात ठेवायचे असा ठराव झाला. संगणकात पत्त्यासाठी एकच रकाना आहे असे ग्रामसेवकांनी सांगितले, तेव्हा सभेने ठरावात आणखी एक ओळ घातली, की रकाना वाढवून मिळावा, आणि ठराव पंचायत समितीकडे पाठवला.